प्राणी घरी आणताना: आपल्या आणि त्याच्या आरोग्याची घडी कशी बसवावी

निवृत्तीनंतरचे रिकामेपण, नोकरीतला ताण, पुण्या-बंगळुरूला गेलेली मुले किंवा डॉक्टरांनी सांगितलेले रोजचे चालणे, यांपैकी एखादे कारण मनात धरून नागपुरातील अनेक कुटुंबे कुत्रा किंवा मांजर आणण्याचा विचार करतात. विचार चांगला आहे आणि त्याला अभ्यासाचा आधारही आहे. मात्र प्राणी घरात नुसता असल्याने रक्तदाब उतरत नाही की मन हलके होत नाही. त्याच्यामुळे आपल्या दिवसाला जे वळण लागते, त्यातून लाभ होतो. म्हणून कोणता प्राणी आणावा हे ठरवण्याआधी आपला दिवस कसा जातो हे पाहावे लागते, आणि नंतर बसवलेला दिनक्रम त्या प्राण्यालाही मानवणारा असावा लागतो. दिवसभर साखळीला बांधलेला, उन्हाने कासावीस झालेला किंवा गोचिडांनी बेजार झालेला प्राणी घरातल्या माणसांना स्वस्थता देऊ शकत नाही.

लाभ कशातून होतो

१९८० साली अमेरिकेतील एका अभ्यासात हृदयविकाराच्या ९२ रुग्णांचा वर्षभर पाठपुरावा केला गेला. पाळीव प्राणी असलेल्या ५३ रुग्णांपैकी ३ जण त्या वर्षात दगावले, तर प्राणी नसलेल्या ३९ रुग्णांपैकी ११ जण. अभ्यास लहान होता, पण त्याने या विषयाकडे वैद्यकशास्त्राचे लक्ष वेधले. पुढे २०१७ मध्ये स्वीडनमधील सुमारे ३४ लाख लोकांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा एकट्या राहणाऱ्या माणसांपैकी ज्यांच्याकडे कुत्रा होता त्यांच्यात मृत्यूचा धोका ३३ टक्क्यांनी कमी आढळला. अशा आकड्यांवरून घाईने निष्कर्ष काढू नये, कारण मुळात धडधाकट आणि चालण्याची आवड असलेली माणसेच कुत्रा पाळत असण्याचा संभव असतो. अमेरिकेतील हृदयरोगविषयक संस्थेने, अमेरिकन हार्ट असोसिएशनने, २०१३ मध्ये याच सावधपणाने असे म्हटले की कुत्रा पाळल्याने हृदयविकाराचा धोका कमी होण्यास मदत होऊ शकते, परंतु केवळ त्या हेतूने प्राणी घरी आणू नये. मला हा सल्ला सर्वांत मोलाचा वाटतो. औषध म्हणून आणलेला प्राणी गुण आला नाही की नकोसा होतो, आणि मग तो रस्त्यावर येतो.

काही परिणाम मात्र थेट मोजले गेले आहेत. २०१९ मध्ये वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात २४९ विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात कुत्र्या-मांजरांना १० मिनिटे कुरवाळणाऱ्यांच्या लाळेतील कॉर्टिसॉल, म्हणजे ताण वाढला की शरीरात वाढणारे संप्रेरक, कमी झाल्याचे दिसले. जपानी संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवून दिले की कुत्रा आणि त्याचा मालक एकमेकांकडे बराच वेळ पाहत राहिले, तर दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढते. आईला बाळाविषयी जी ओढ वाटते, तिच्याशी या संप्रेरकाचा संबंध आहे. सवय लावलेल्या लांडग्यांमध्ये मात्र हा परिणाम आढळला नाही. माणसासोबत हजारो वर्षे राहिलेल्या कुत्र्याच्या नजरेतच ही किमया आहे.

रक्तदाबाच्या रुग्णांनी २००१ सालचा एक प्रयोग आवर्जून लक्षात ठेवावा. ताणाच्या व्यवसायातील ४८ शेअर दलालांना रक्तदाबाची गोळी सुरू केली गेली आणि त्यांच्यापैकी निम्म्यांना कुत्रा किंवा मांजर पाळायला सांगितले. सहा महिन्यांनी विश्रांतीच्या वेळचा रक्तदाब दोन्ही गटांत गोळीमुळे उतरला होता, पण मानसिक ताण दिल्यावर होणारी वाढ प्राणी पाळणाऱ्यांमध्ये बरीच कमी होती. गोळीचे काम गोळीने केले आणि सोबतीचे काम सोबतीने. त्यामुळे प्राणी आल्यानंतर बरे वाटू लागले, तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध बंद करू नये.

प्राण्याची निवड

निवड करताना प्राण्याच्या रूपाआधी घड्याळ पाहावे. घर सलग किती तास बंद असते, पहाटे कोण उठते, सुट्टीत गावी जाताना प्राण्याला कोण सांभाळेल आणि घरातील सर्वांची संमती आहे का, या चार प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून काढावीत. मनीषनगर किंवा बेसा भागातील फ्लॅटमध्ये राहणारे, सकाळी नऊला बाहेर पडून रात्री आठला परतणारे जोडपे असेल, तर कुत्र्याच्या पिल्लाचा हट्ट धरू नये. त्या वयात त्याला दर दोन-तीन तासांनी बाहेर न्यावे लागते, आणि दिवसभर एकटे राहिलेले पिल्लू भुंकून, वस्तू कुरतडून आपली व्यथा सांगते. अशा घराला एकमेकींची सोबत असलेल्या दोन मांजरी अधिक मानवतात.

गुडघेदुखी किंवा तोल जाण्याचा त्रास असलेल्या ज्येष्ठांनी जोराने ओढणारा मोठा, तरणा कुत्रा टाळावा. पट्ट्याचा हिसका बसून पडल्याने या वयात हाड मोडले, तर सहा महिने अंथरुणात जातात. त्यांच्यासाठी तीन-चार वर्षे वयाचा, शांत स्वभावाचा, दत्तक घेतलेला गावठी कुत्रा उत्तम, कारण मोठ्या वयाच्या कुत्र्याचा स्वभाव आधीच कळलेला असतो. गावठी कुत्रा आपल्या हवेत वाढलेला असतो, त्याच्या अंगावरचे केस आखूड आणि विरळ असतात आणि ठरावीक जातींना जडणारे अनेक आनुवंशिक आजार त्याला सहसा होत नाहीत. याउलट हस्की किंवा सेंट बर्नार्ड यांसारख्या थंड प्रदेशातील जाती नागपुरात आणणे मला क्रौर्य वाटते. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर धाप टाकून अंग थंड करणेच कठीण जाते, त्यामुळे आपला उन्हाळा त्यांच्या जिवावर बेततो. सशांनाही ३० अंशांपुढची उष्णता सोसत नाही, म्हणून मुलांचा कितीही आग्रह असला, तरी थंड खोलीची सोय असल्याशिवाय ससा आणू नये.

मासे ही कमी जागेतली आणि कमी धावपळीची सोबत आहे. टाकीतील मासे पाहत बसल्याने हृदयाचे ठोके आणि रक्तदाब कमी होतात, असे इंग्लंडमधील प्लिमथ येथील सागरी मत्स्यालयात केलेल्या अभ्यासात दिसले आहे. मात्र पाणी तापले की त्यातला प्राणवायू कमी होतो, म्हणून मे महिन्यात हवेचा पंप बंद पडू देऊ नये. पोपट पाळण्याची आपल्याकडे जुनी रीत असली, तरी देशी पोपट वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार संरक्षित आहे आणि त्याला पिंजऱ्यात ठेवणे गुन्हा आहे. तारा कासवाचेही तसेच.

घरात कोणाला दमा किंवा ॲलर्जी असेल, तर प्राणी आणण्यापूर्वी त्या व्यक्तीने एखाद्या परिचिताच्या घरी कुत्र्या-मांजराच्या सहवासात तीन-चार वेळा काही तास घालवून पाहावे. आणलेला प्राणी परत पाठवण्याची वेळ आली, तर ती सर्वांनाच जड जाते.

चालणे, आणि नागपूरचे ऊन

प्रौढ व्यक्तीने आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. कुत्र्याला सकाळ-संध्याकाळ पंधरा-पंधरा मिनिटे नेले, तरी आठवड्याला २१० मिनिटे होतात. अट एकच, की चालणे खरोखर चालणे असावे. गेटजवळ उभे राहून मोबाइल पाहत कुत्र्याला शी-शू करू देणे, याने दोघांपैकी कोणाचेही भले होत नाही. पहिली पाच मिनिटे त्याला मनसोक्त हुंगू द्यावे, कारण वास घेणे हे त्याचे वर्तमानपत्र वाचणे आहे. नंतर दहा-पंधरा मिनिटे असा वेग धरावा की बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही. गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीवरून बांधायचा हार्नेस वापरल्यास ओढ कमी बसते आणि त्याचा घसाही दुखत नाही.

आमच्या घरचा अनुभव येथे सांगतो. आई गेल्यानंतर बाबांनी घराबाहेर पडणे जवळजवळ सोडले होते. त्यांचे वय तेव्हा ७४ होते आणि साखरेचा त्रास होता. आम्ही चालायला चला म्हणालो की ते उद्यावर ढकलत. आमच्याच गल्लीतली एक भुरकट कुत्री घरात राहू लागली. तिचे नाव भुरी पडले, आणि पहाटे साडेपाचला ती बाबांच्या खाटेजवळ येऊन उभी राहू लागली. माणसाला नाही म्हणता येते, तिला बाबा नाही म्हणू शकले नाहीत. महिनाभरात त्रिमूर्तीनगरातील चहाच्या टपरीवरची चार माणसे त्यांना भुरीच्या नावाने ओळखू लागली, आणि रोज कोणाशी तरी दोन शब्द बोलणे होऊ लागले. मला विचाराल, तर चालण्याइतकाच गुण या दोन शब्दांनी दिला.

याच भुरीच्या बाबतीत माझ्या हातून एक चूक झाली. एका एप्रिलमध्ये बाबांना बरे नव्हते, म्हणून मी तिला सकाळी दहाला बाहेर नेले. ती पाय उचलून धरू लागली, तरी माझ्या लक्षात आले नाही, आणि घरी आल्यावर पाहिले तर पुढच्या दोन्ही पंजांच्या गाद्यांना फोड आले होते. ते भरून यायला दोन आठवडे लागले. तेव्हापासून आम्ही नियम केला: हाताची पालथी बाजू रस्त्याला पाच ते सात सेकंद टेकवून पाहायची, आणि चटका सहन झाला नाही तर कुत्र्याला त्या रस्त्यावर न्यायचे नाही.

एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत सकाळचे फिरणे साडेसहाच्या आत आटोपावे आणि संध्याकाळचे आठनंतर ठेवावे, कारण सूर्य मावळला तरी डांबर आणि सिमेंटचे रस्ते बराच वेळ धग सोडत असतात. पारा ४५ अंशांपलीकडे जातो अशा दिवसांत, विशेषतः नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, फिरणे दहा मिनिटांवर आणून उरलेला व्यायाम कूलरच्या खोलीत वस्तू लपवून शोधायला लावण्याच्या खेळाने भरून काढावा. सेमिनरी हिल्सच्या झाडीतले रस्ते, सिव्हिल लाइन्समधील जुन्या झाडांच्या सावलीतले रस्ते किंवा आपल्या लेआउटमधली मातीची मोकळी जागा डांबरापेक्षा कधीही बरी. फुटाळा तलावाचा काठ पहाटे चांगला, पण संध्याकाळच्या गर्दीत आणि खाद्यपदार्थांच्या गाड्यांमध्ये कुत्रा बुजतो. डिसेंबर-जानेवारीत उलट करावे, म्हणजे पहाटेच्या कडाक्याच्या थंडीत ज्येष्ठांनी बाहेर न पडता कोवळे ऊन पडल्यावर निघावे.

उष्माघात ओळखता यायला हवा. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही, तो मुख्यतः धाप टाकून अंग थंड करतो. धाप थांबत नाही, लाळ चिकट होते, हिरड्या लालभडक दिसतात, चाल अडखळते किंवा उलटी होते, तेव्हा त्याला ताबडतोब सावलीत आणून पोट, काखा आणि पंजे नळाच्या साध्या पाण्याने भिजवावेत, पंखा लावावा, शुद्धीवर असेल तर थोडे-थोडे पाणी पाजावे आणि पशुवैद्यकाकडे न्यावे. बर्फाच्या पाण्यात बुडवू नये. घरात कूलर असेल, तर खिडकी उघडी ठेवून हवा खेळती ठेवावी, आणि पावसाळ्याच्या दमट दिवसांत कूलरचा गारवा पुरत नाही हे ध्यानात ठेवावे. पाण्याची भांडी दोन ठिकाणी ठेवावीत आणि रोज घासावीत. डेंग्यूच्या डासांना साठलेले पाणी पुरते, मग ते कूलरच्या टाकीतले असो की मांजराच्या वाडग्यातले.

मनासाठी

मनाचा लाभ हवा असेल, तर दिवसातली दहा मिनिटे फक्त प्राण्यासाठी काढावीत. त्या वेळी मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा, जमिनीवर बसावे आणि प्राण्याला आपणहून जवळ येऊ द्यावे. कुत्र्याच्या छातीवरून आणि मानेवरून, मांजराच्या गालावरून आणि हनुवटीखालून सावकाश हात फिरवावा. मांजर शेपटी झटकू लागले किंवा कान मागे नेले, तर तिथेच थांबावे, कारण जबरदस्तीने धरलेला प्राणी ताणात असतो आणि तो ताण आपल्या हातालाही जाणवतो. कामावरून आल्या आल्या ही दहा मिनिटे दिली, तर कार्यालयातला राग घरातल्यांवर निघत नाही, असे मी अनेक कुटुंबांत पाहिले आहे.

शोकात किंवा खिन्नतेत असलेल्या माणसाला प्राण्याचा खरा आधार मिळतो तो त्याच्या वेळापत्रकाचा. दोन वेळचे खाणे, पाणी, फिरणे, ब्रशने केस विंचरणे ही कामे एका माणसाच्या नावावर ठरवून द्यावीत, म्हणजे कोणाला तरी आपली गरज आहे, ही भावना रोज ठरल्या वेळी जागी होते. परंतु झोप उडणे, जेवण तुटणे, कशातच मन न लागणे हे दोन आठवड्यांहून अधिक चालले किंवा जीव नकोसा वाटू लागला, तर प्राण्यावर भिस्त ठेवू नये. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील, म्हणजे मेडिकलमधील, मानसोपचार विभागात किंवा आपल्या डॉक्टरांकडे जावे. केंद्र शासनाच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते. उपचार चालू असताना प्राण्याची सोबत फार मोलाची ठरते. उपचाराऐवजी ती पुरेशी नसते.

मुलांच्या बाबतीत पालकांनी एक गोष्ट स्पष्ट ठेवावी. प्राण्याची जबाबदारी मोठ्यांची असते आणि मुलांकडे तिचा एक भाग दिला जातो. सहा-सात वर्षांच्या मुलाने पाण्याचे भांडे भरावे, दहा-बारा वर्षांच्या मुलाने मोठ्यांसोबत फिरायला जावे. तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी ओढत नेणाऱ्या आपल्या मुलांना जनावराला सजवण्याची, ओवाळण्याची सवय लहानपणीच लागते. तीच आपुलकी रोजच्या निगेत उतरवणे कठीण नाही. मात्र पाच वर्षांखालील मूल आणि कुत्रा यांना कधीही एकटे सोडू नये, आणि खात असलेल्या किंवा झोपलेल्या कुत्र्याला हात लावू नये, हे मुलांना पहिल्याच दिवशी शिकवावे.

रोगराई दूर ठेवण्यासाठी

पिल्लाचे एकत्रित लसीकरण सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होते, रेबीजची लस साधारण तीन महिन्यांच्या वयात दिली जाते आणि त्यानंतर पशुवैद्यकाने दिलेल्या तारखांना वर्धक मात्रा द्यायच्या असतात. लसीचे कार्ड रेशनकार्डाइतक्याच काळजीने जपावे. सेमिनरी हिल्स येथील नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासून कार्यरत आहे आणि त्याच्या रुग्णालयात विविध शाखांचे तज्ज्ञ उपलब्ध असतात, ही शहराची मोठी सोय आहे. २८ सप्टेंबरच्या जागतिक रेबीज दिनाच्या सुमारास अनेक ठिकाणी मोफत लसीकरण शिबिरे होतात, त्यांचाही लाभ घ्यावा.

आपल्या किंवा कोणाच्याही कुत्र्या-मांजराने चावले अथवा ओरबाडून रक्त आले, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पूर्ण १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन लस सुरू करावी. हळद, चुना, तिखट भरू नये. लक्षणे दिसू लागल्यावर रेबीजमधून माणूस जवळपास कधीच वाचत नाही, म्हणून पिल्लू लहान आहे, घरचेच आहे, अशा समजुतींवर विसंबू नये.

पावसाळ्यात गोचिडांचा बंदोबस्त महत्त्वाचा असतो, कारण त्यांच्यामुळे कुत्र्यांना होणारा ताप रक्तातल्या पेशी कमी करून जीव घेऊ शकतो. फिरून आल्यावर कान, काखा आणि बोटांच्या बेचक्या रोज तपासाव्यात. जंताचे औषध वेळेवर द्यावे. घरात गर्भवती स्त्री असेल, तर मांजराची विष्ठा तिने साफ करू नये. कांदा, लसूण, मनुका, द्राक्षे आणि चॉकलेट कुत्र्याला विषारी असतात, आणि शिजवलेली हाडे फुटून आतड्यात रुततात, म्हणून सावजी रश्शातले उरलेले मटण प्रेमाने त्याच्यापुढे टाकू नये.

महापालिकेकडे कुत्र्याची नोंदणी करावी, फिरायला जाताना जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे सोबत न्यावेत आणि घाण उचलावी. गृहसंकुलाला बहुमताने ठराव करूनही प्राणी पाळण्यावर बंदी घालता येत नाही, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. तरीही शेजाऱ्यांशी गोडी राखण्यासाठी स्वच्छता हा सर्वांत सोपा मार्ग आहे.

सोबत संपते तेव्हा

कुत्रा साधारण दहा ते तेरा वर्षे जगतो, घरातले मांजर त्याहून थोडे अधिक. साठीनंतर पिल्लू आणणाऱ्याने आपल्यामागे त्याला कोण घेईल, हे घरातील व्यक्तीशी बोलून आजच लिहून ठेवावे. प्राणी म्हातारा झाला की फिरणे लहान करावे, पाणी आणि अंथरूण एकाच खोलीत ठेवावे, आणि दर सहा महिन्यांनी तपासणी करून घ्यावी. तो गेल्यावर होणारे दुःख खरे असते. कुत्राच तर होता, असे म्हणणाऱ्यांशी वाद घालत बसू नये आणि घरातल्या ज्येष्ठांना किंवा मुलांना रडू द्यावे. त्या दुःखात लगेच दुसरे पिल्लू आणू नये, पण फिरण्याची वेळ मात्र मोडू नये. भुरी गेल्यानंतर बाबा दोन आठवडे घरातच होते. मग एका सकाळी टपरीवरचे दोघे जण त्यांना न्यायला आले, आणि आता ते तिघे साडेपाचला एकत्र निघतात.